आवतण देण्याआधी

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ हे वाक्य आमच्या जिल्ह्यातला माणूस परमुलखात भेटला, की पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो. ते प्रथम कोणी, कोणत्या प्रसंगी आणि कितपत गांभीर्याने उच्चारले याची चौकशी करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, कारण त्यात यमक आहे आणि यमकाला पुरावा लागत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत या वाक्यातल्या दोन्ही ठिकाणांची गाठ एका अनपेक्षित जागी पडलेली मी पाहतो आहे. शहराच्या कडेला, ज्या काळ्या रानात काल-परवापर्यंत कापूस वेचला जात होता तेथे अकृषिक परवान्याने उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींतून सकाळी फेरफटका मारीत असता, एखाद्या लोखंडी फाटकाच्या गजांतून काळे-तांबूस, उभ्या कानांचे, रुबाबदार तोंड बाहेर डोकावते, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी झळकत असते, आणि ज्याला मागच्या पिढीतली मंडळी ‘अल्सेशियन’ म्हणत ते जर्मन शेफर्ड जातीचे कुत्रे आपल्या दमदार आवाजात वाटसरूची विचारपूस करते.

पौष-माघात, जेव्हा परभणीचा पारा एकआकडी होतो आणि चहाच्या टपरीवर माणसे शेकोटीभोवती दाटीवाटीने बसतात, तेव्हा हे दृश्य मोठे प्रसन्न वाटते. त्याच फाटकापाशी वैशाखात दुपारी दोन वाजता जावे. पारा बेचाळिसाच्या पुढे सरकलेला, सिमेंटचे अंगण तव्यासारखे तापलेले, आणि पत्र्याच्या आडोशाखाली तेच कुत्रे पोट जमिनीला लावून, जीभ पूर्ण बाहेर काढून, भात्यासारखे धापा टाकीत पडलेले असते. शेजारी पाण्याचे जर्मनचे पातेले असते, पण ते लवंडलेले असते, आणि लवंडले नसते तरी त्यातले पाणी पिण्याजोगे थंड राहिले नसते.

या घरच्या गृहस्थाला निर्दय म्हणता येणार नाही. तो कुत्र्यावर जीव टाकतो, आपल्या ताटातली पोळी त्याला घालतो, उन्हाळ्यात दोनदा त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओततो. चूक आजची नाहीच; ज्या दिवशी मोबाइलच्या पडद्यावर पाच-सहा पिल्लांची छायाचित्रे पाहून त्याने सर्वांत गुबगुबीत पिल्लावर बोट ठेवले आणि विसाराची रक्कम पाठवून दिली, त्या दिवशीची ती चूक आहे. नवल असे, की याच गृहस्थाच्या आजोबांना बैल घ्यायचा असता, तर त्यांनी असा व्यवहार स्वप्नातही केला नसता.

माझ्या लहानपणी मी माझ्या आजोबांच्या बोटाला धरून जनावरांच्या बाजारात गेलो आहे. परंतु ती खरेदी बाजारात सुरू होत नसे. ती आमच्या खळ्यावरच्या कडब्याच्या गंजीपाशी सुरू होत असे. आजोबा प्रथम पेंढ्यांचा अंदाज घेत, मग विहिरीत डोकावून चैत्रापर्यंत पाणी टिकेल की नाही ते पाहत, मग गोठ्यातली दावण पाहत, आणि शेवटी ओसरीवर येऊन आजीला विचारीत, ‘‘शेणपाणी कोण करंल गं सकाळचं?’’ आजीने होकार दिला तरच डोक्याला पटका आणि कमरेला कसा बांधला जाई. बाजारात गेल्यावर मात्र ते विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतसुद्धा नसत. ते बैलाचा जबडा उघडून तो दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे हे पाहत. खूर दाबून पाहत. पाठीवर हात ठेवून तो दचकतो का, मारका आहे का, याची खात्री करून घेत. त्याला शंभर पावले चालवून आणीत. आणि एवढे झाल्यावर रुमालाखाली दलालाची बोटे धरून, मुखाने एक अक्षर न काढता, भाव ठरवीत. लाल कंधारी घ्यावा की देवणी, हा वाद बाजाराच्या वाटेवर रंगे खरा. पण त्याचा निकाल शेवटी घरचा कडबा आणि रानची माती लावीत असे, बैलाचा रंग लावीत नसे.

पहिल्यांदाच प्राणी पाळू इच्छिणाऱ्या माझ्या वाचकाला मला जे सांगावयाचे आहे, ते सारे या जुन्या वहिवाटीत आलेले आहे: आधी कडबा मोजावा, मग बाजाराची वाट धरावी. ‘कोणता प्राणी चांगला?’ हा प्रश्न लोक मला विचारतात, तेव्हा तो प्रश्न अपुरा आहे असे मी सांगतो. कारण प्राणी बहुतेक सगळेच चांगले असतात, आणि प्रश्न असतो तो आपल्या घरी शिल्लक काय आहे याचा.

कुत्र्याचा कडबा म्हणजे निव्वळ अन्न नव्हे. त्याला रोज सकाळ-सायंकाळ मिळून तास-दीड तास माणसाची सोबत लागते, सावली लागते, फिरावयाला जागा लागते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षे लागतात. कुत्रे साधारण दहा ते तेरा वर्षे जगते, घरात राहणारे मांजर बारा-पंधरा वर्षांपर्यंत जाते. आता आमच्या जिल्ह्यातल्या मध्यमवर्गीय घराचे पंचांग पाहा. पिल्लासाठी हट्ट धरणारा मुलगा बहुधा सातवी-आठवीत असतो. दहावीचा निकाल लागला, की तो शिकवणीसाठी लातूरला किंवा नांदेडला जातो, तेथून पुण्याला जातो, आणि पुढे दिवाळीपुरता घरी येतो. ज्याच्या नावाने पिल्लू आले तो तीन वर्षांत घर सोडतो आणि पिल्लू आणखी नऊ वर्षे घरात राहते. ती नऊ वर्षे त्याच्या अंगाचे गोचीड काढण्याचे, जेवण शिजवण्याचे आणि आजारपणात जागण्याचे काम त्या मुलाच्या आईच्या वाट्याला येते, जिचे मत पिल्लू आणताना कोणी विचारलेलेच नसते. म्हणून माझ्या आजोबांचा तो ओसरीवरचा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथातल्या उपदेशापेक्षा मोलाचा वाटतो. ज्याच्या हातून रोजचे काम होणार आहे त्याचा रुकार आधी घ्यावा, आणि लग्नसराईत चार दिवस कुलूप लागले तर जनावराचा बंदोबस्त काय, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावे.

कडबा मोजून झाल्यावर मातीकडे, म्हणजे हवामानाकडे वळावे. कुत्र्याच्या शरीराची रचना अशी, की माणसासारखा सर्वांगाने घाम गाळून शरीर थंड करण्याची सोय त्याला नाही. पंजांच्या गाद्यांपाशी थोड्या घर्मग्रंथी आहेत तेवढ्याच, बाकी सगळा भार धापेवर. तोंड उघडे टाकून जलद श्वास घेतला, की जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी वाफ होऊन जाते आणि त्याबरोबर उष्णता जाते. त्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. ते १०५-१०६ च्या पुढे गेले, की उष्माघात. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली, तर जातींची निवड निम्मी झाली असे समजावे. सायबेरियात चुक्ची लोकांच्या घसरगाड्या ओढणाऱ्या हस्कीच्या अंगावर बर्फासाठी बनलेली दुहेरी लव असते. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १८९९ पासून ज्याची जात पद्धतशीर घडवली, त्या शेफर्डच्या अंगावरही दुहेरी लवच असते. मूळ चीनमधला पग आपल्याकडे दूरध्वनीच्या एका जाहिरातीने घराघरात नेला. त्याची लव आखूड, पण त्याचे नाकच इतके चपटे, की धाप टाकण्याच्या कामीच ते अपुरे पडते. हे प्राणी वाईट नव्हेत. ते दुसऱ्या मातीचे आहेत, आणि ज्याच्या घरी उन्हाळ्याचे चार महिने दिवसा थंड खोलीत त्यांना घरच्यांसोबत ठेवण्याची, फिरणे पहाटे आणि रात्रीच आटोपण्याची तजवीज नाही, त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. तापलेल्या सडकेवर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसले नाही, तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

मग या मातीचे कोण? शिकारी कुत्र्यांची एक जुनी परंपरा आपल्या मराठवाड्यात आहे. लांब पायांचा, आत ओढलेल्या पोटाचा, अरुंद तोंडाचा कारवान आणि कानाशेपटीवर रेशमासारखी लव असलेला त्याचाच भाऊबंद पश्मी, हे पूर्वी पश्चिमेकडून व्यापारी तांड्यांबरोबर दख्खनेत आले असे मानले जाते. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव त्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते, आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते तेव्हा घोडे, बैल, गाढवे यांच्याबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन असते. या कुत्र्याला आपले ऊन मानवते. परंतु तो धावण्यासाठी जन्मलेला प्राणी आहे. ज्याच्याकडे शेत आहे, जो त्याला रोज मोकळ्या रानात पळवू शकतो, त्याने तो पाळावा. दोन खोल्यांच्या सदनिकेत त्याला साखळीला बांधणे आणि हस्कीला परभणीत आणणे यांत अन्यायाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. शिवाय ससा किंवा हरिण दिसले की त्याच्या मागे सुटणे हा त्याचा स्वभाव, आणि वन्य प्राण्याची शिकार हा मालकावर येणारा गुन्हा. तेव्हा त्याचा दोर हाती ठेवण्याची धमक हवी.

राहता राहिले आपले गावठी कुत्रे, ज्याला कोणी विसार देत नाही. पहिल्यांदा पाळणाऱ्यासाठी मी त्याचेच नाव सर्वांत वर लिहीन. निसर्गाने शेकडो पिढ्या त्याची निवड या उन्हातच केली आहे. आखूड लव, मध्यम बांधा, लांबट नाक आणि साधी भूक. वंशशुद्धीच्या हव्यासाने जवळच्या नात्यांत पैदास होऊन जे खुब्याचे, श्वासाचे आणि कातडीचे रोग काही जातींत मुरले आहेत, त्यांपासून ते बरेचसे मुक्त असते. नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे नरसी १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्या परभणी जिल्ह्यात होते. कोरडी भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेत नामदेवांनी कुत्र्याची जात विचारल्याचे कोठेही आलेले नाही.

ज्याचा कडबा कुत्र्याइतका नाही, म्हणजे घर लहान, नोकरी दोघांची आणि दुपार रिकामी, त्याने मांजराचा विचार करावा. जुन्या माळवदाच्या घरांत मांजर पाळले असे कोणी म्हणतच नसे. ज्वारीच्या कणग्या होत्या, कणग्यांपाशी उंदीर होते, आणि उंदरांमागे ते होते. कुत्रे माणसाला धरते आणि मांजर घराला धरते, हे जुन्यांचे निरीक्षण आजही खोटे नाही. चार-सहा तास एकटे राहणे त्याला जड जात नाही, ते स्वतःला स्वच्छ ठेवते आणि ऊन चढले की घरातली सर्वांत थंड फरशी बिनचूक शोधून काढते. मात्र मांजर दूधभातावर जगते हा आपला समज सोडला पाहिजे. ते पक्के मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य मांसातून मिळते ते न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते, तर मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचतही नाही. शाकाहारी घराने हा विचार आधी करावा; आपल्या सोवळ्याचा भार त्या मुक्या जिवावर टाकू नये. आणि तापाची म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. ती त्याच्यासाठी विष आहे. कुत्र्याच्या बाबतीत चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा-लसूण यांच्याविषयी तोच इशारा.

आता पिंजऱ्याकडे येऊ. आमच्याकडे ओसरीला राघूचा पिंजरा टांगणे हे एके काळी सुखवस्तू घराचे लक्षण समजले जाई, आणि त्या राघूला रामनाम शिकवण्यात वडीलधाऱ्यांची दुपार जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो राघू पाळणे बेकायदा आहे, ही गोष्ट आजही पुष्कळांच्या गावी नाही. आपल्या रानातला कोणताही पोपट, मुनिया, डोंगरी मैना, किंवा घरात आणले की भरभराट होते म्हणून चोरून विकले जाणारे पाठीवर चांदण्यांचे कासव, यांपैकी काहीही विकत घेणे वा बाळगणे हा कैदेस आणि दंडास पात्र गुन्हा आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी ढोलीतून ओढून काढलेल्या पिल्लांपैकी कितीतरी वाटेतच मरतात, तेव्हा कोठे एक आपल्या ओसरीपर्यंत पोहोचते. परदेशी जातींपैकी बजरीगर, ज्याला दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून खपवतात, आणि कॉकटील हे पाळता येतात. परंतु मकाव, काकाकुवा किंवा सन कॉन्युअर यांसारखे जे पक्षी आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. दुकानदार दाखला देत नसेल, तर त्या दुकानाची पायरी तशीच उतरावी. पाळलेला पक्षीही जोडीने राहणारा, उडणारा जीव आहे. पंख पुरते पसरता येणार नाहीत एवढ्या पिंजऱ्यात त्याला ठेवणार असाल, तर तो न आणलेलाच बरा.

सशाबद्दल आणि माशांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे दोन प्राणी ‘सोपे’ म्हणून मुलांच्या हाती दिले जातात आणि प्रत्यक्षात दोघेही सोपे नाहीत. सशाला तीस अंशांच्या पुढचे ऊनच जड जाते. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला चित्रातले गाजर नव्हे तर रोज भरपूर गवत लागते. माशांच्या बाबतीत लोक काचेचे गोल भांडे आणतात, त्यात नळाचे पाणी आणि दोन सोनेरी मासे सोडतात, आणि आठवड्याने मासे मेले की नशिबाला बोल लावतात. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो; त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग त्यापेक्षा निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू पेटीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा पेटी आधी, मासे महिन्याने, तेही दोन-चारच. आणि दर आठवड्याला साधारण चौथा हिस्सा पाणी बदलणे. ज्या घरी उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा टँकर मोजून येतो, तेथे हा खर्चही कडब्याच्या हिशेबात धरावा.

एवढे होऊन कुत्र्याचेच पिल्लू घ्यावयाचे ठरले, तर मग आजोबांप्रमाणे जबडा उघडून पाहण्याची वेळ आली. पिल्लू दोन महिन्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये; कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या २०१७ च्या नियमांनीही आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाची विक्री मना केली आहे, कारण चावा किती जोराने घ्यावा आणि कोठे थांबावे हे ते आईकडून आणि भावंडांकडूनच शिकते. छायाचित्रावर न जाता जागेवर जावे आणि आई पाहण्याचा आग्रह धरावा. आई दाखवण्यास टाळाटाळ करणारा विक्रेता बहुधा काहीतरी लपवीत असतो. डोळे आणि नाक कोरडे-स्वच्छ आहेत का, हिरड्या गुलाबी आहेत का, पोट जंताने नगाऱ्यासारखे फुगले आहे का, कानाच्या पाळीत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का, हे पाहावे. टाळी वाजवल्यावर जे पिल्लू क्षणभर दचकून पुन्हा कुतूहलाने आपल्याकडे येते ते घ्यावे. जे कोपऱ्यात थरथरत राहते किंवा सर्वांच्या अंगावरून पळते, ते अनुभवी माणसासाठी सोडावे.

पिल्लू घरी आणल्यावर पहिली भेट देवदर्शनाआधी पशुवैद्याची. परभणीत १९७२ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जे आज नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. गाईम्हशींवरच्या उपचारांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या दारात आज कुत्र्यामांजरांना कडेवर घेऊन आलेली माणसेही दिसतात. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांवरची लस, ती पुन्हा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचे होईपर्यंत, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी तिची पुनरावृत्ती, असा हा क्रम असतो. लसीकरणाची ती पुस्तिका शेताच्या सातबाऱ्यासारखी जपून ठेवावी. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर इतर कुत्र्यांत सोडू नये. रक्ताचे जुलाब होऊन दोन दिवसांत पिल्लू जाते, तो बहुधा पार्व्होच असतो. नर असो की मादी, वयात येताच नसबंदी करून घ्यावी, नाही तर एका पिल्लाची कबुलायत लिहून दिलेल्या गृहस्थावर वर्षभरात सहा पिल्लांसाठी घरे शोधीत हिंडण्याची पाळी येते.

रेबीजविषयी स्पष्ट बोललेच पाहिजे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतल्यास तो टळतो; लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी योझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आपली लस टोचण्यास आरंभ केला, त्याला आता एकशे चाळीस वर्षे झाली. तरीही आमच्या खेड्यांतून अजून जखमेत तिखट किंवा चुना भरला जातो. घरच्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर काहीही बांधू नये आणि सरळ सरकारी दवाखाना गाठावा. तेथे ही लस मोफत मिळते.

मराठी भाषेने ‘पाळणे’ या एकाच क्रियापदावर किती कामे सोपवली आहेत, हे अशा वेळी मनात येते. आपण जनावर पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो आणि शब्दही पाळतो. कुत्र्याच्या फिरण्याची वेळ, मांजराच्या अन्नाचे पथ्य, पक्ष्यांबाबतचा कायदा, ही सगळी त्याच क्रियापदाची रूपे आहेत. शब्द मात्र कोठे दिला होता, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मिळते. त्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्यावर हळद आणि तूप चोळले जाते, आणि मग घरधनी त्याच्या कानाशी वाकून म्हणतो, ‘‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’’ माणसाला आवतण दिले तर तो ‘जमणार नाही’ म्हणू शकतो. बैलाला तसे म्हणता येत नाही, पिल्लाला तर नाहीच. ज्याला नाकारता येत नाही त्याला आवतण देताना त्याच्या वतीनेही आपणच विचार करावयाचा असतो. आजोबा आधी गंजीपाशी जात असत ते त्यासाठीच, असे मला आता वाटते.

आमच्या गल्लीत एक शिक्षक दांपत्य राहते. त्यांच्या मुलीने मागच्या हिवाळ्यात पिल्लासाठी हट्ट धरला, तेव्हा ते दोघे माझ्याकडे जात विचारावयास आले होते. मी त्यांना जात न सांगता कागद-पेन्सिल दिली. सकाळी सात ते दुपारी दोन घरी कोणी नाही, वर पत्र्याची गच्ची, मुलगी नववीत, आणि आई गुडघ्यांनी अधू. दोघांनी मिळून सगळा कडबा मोजला आणि यंदा तो पुरत नाही असे प्रामाणिकपणे ठरवले. मुलगी दोन दिवस रुसली. मग तिने कुंभारवाड्यातून एक मातीची परात आणून फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत ठेवली, आणि रोज शाळेला जाण्याआधी व संध्याकाळी ती विसळून भरण्याचे काम आपणहून पत्करले. वैशाखभर तिने एकही खाडा केला नाही. गल्लीतले एक तांबडे गावठी कुत्रे आता दुपारी तेथेच, परातीच्या गारव्याला नाक लावून झोपते. मुलीच्या वडिलांनी परवा मला फाटकापाशी थांबवले आणि काहीसे संकोचून विचारले, की मोठ्या झालेल्या कुत्र्यालाही लस टोचता येते काय.